मूठभर धान्य आणि जोडदेणगी

शाळेची इमारत, मंदिराचा जीर्णोद्धार किंवा सार्वजनिक अन्नदान अशा प्रसंगी गावकरी सढळ हाताने वर्गणी देतात. प्रसंग सरला की हा ओघ आटतो. शाळेच्या वाचनालयाला पुस्तके, निराधार वृद्धांना औषधे या गरजा मात्र बारमाही असतात. त्या भागविण्यासाठी लहान परंतु नित्याचे दान आवश्यक ठरते.

मुठीची परंपरा

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहातील मुलांसाठी घरोघरच्या स्त्रियांनी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवावे, ही त्यांची ‘मुष्टिफंडा’ची योजना सर्वपरिचित आहे. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव येथे काचकारखाना उभा राहिला. देणारा गरीब असला तरी दान नियमित असेल तर संस्था उभी राहते, हाच या दोन्ही उदाहरणांचा बोध आहे.

१९९९ साली भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात धान हे मुख्य पीक आहे. येथे ही परंपरा सहज रुजू शकते. समजा, २०० घरांच्या गावात प्रत्येक घराने रोज ५० ग्रॅम तांदूळ वेगळा ठेवला, तर महिन्याला तीन क्विंटल तांदूळ जमा होईल.

जोड कशी द्यावी?

गावकऱ्यांनी जितके दिले तितकेच दुसऱ्या दात्याने घालावे, यास जोडदेणगी म्हणता येईल. भातगिरणीचे मालक, व्यापारी किंवा नोकरीनिमित्त बाहेर गेलेले ग्रामस्थ अशी जोड देऊ शकतात.

अमेरिकेत कार्लन आणि लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी पन्नास हजारांहून अधिक जुन्या दात्यांना पत्रे पाठवून एक प्रयोग केला. तो २००७ साली प्रसिद्ध झाला. जोड मिळणार असे कळविल्यावर दर पत्रामागील उत्पन्न सुमारे १९ टक्क्यांनी वाढले. मात्र रुपयास एकऐवजी दोन किंवा तीन रुपयांची जोड देऊ केल्याने अधिक लाभ झाला नाही. रुपयास रुपया ही जोड पुरेशी आहे, असे यावरून दिसते.

घ्यावयाची दक्षता

जोड केवळ मोठ्या रकमांना दिल्यास तिचा लाभ सधन घरांच्या दानालाच होतो. म्हणून दर घरामागे जोडीची कमाल मर्यादा ठरवावी. किती घरांनी दान दिले यास महत्त्व द्यावे, कोणी किती दिले यास नव्हे. न देणाऱ्यांची नावे फलकावर लावू नयेत. सक्ती आली की दानाची पट्टी होते आणि गरीब घर मनाने दुरावते.

दुसरी गोष्ट सचोटीची. गावाने काही दिले नाही तरी दाता ती रक्कम देणारच असेल, तर तिला जोडदेणगी म्हणणे ही फसवणूक होय. अट खरी असावी आणि ती ग्रामसभेत आधीच वाचून दाखवावी. धान्य मोजताना बचत गटातील दोन महिला व एक शिक्षक उपस्थित असावेत. जमा-खर्च दरमहा ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावा.

जोड ही कायमची टेकू नव्हे. वर्षभरानंतर ती थांबल्यावरही घराघरांत मूठ बाजूला पडत राहिली, तरच योजना यशस्वी झाली असे म्हणता येईल. सरपंच, ग्रामसेवक आणि शिक्षक यांनी याच कसोटीवर आपल्या कार्याचे मूल्यमापन करावे.