पाड्यावरचे बाळ आणि आरोग्य केंद्राचे अंतर



एका भिक्खूला हगवण लागली होती. तो आपल्याच मलमूत्रात पडून होता आणि कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणविले. दोघांनी मिळून त्याला धुऊन स्वच्छ केले व खाटेवर निजविले. नंतर संघाला समजावले की, रुग्णाची सेवा हीच आपली सेवा होय. विनयपिटकातील हा प्रसंग आपण नेहमी ऐकतो. त्यात एक बारीक गोष्ट आहे. रुग्ण भगवंतांकडे आला नव्हता, भगवंत रुग्णाकडे गेले होते. सार्वजनिक आरोग्यसेवेचा सारा प्रश्न याच एका गोष्टीत सामावला आहे.

१. लोकसंख्येचा नियम आणि अंतराचा हिशेब

सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना मांडली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाल्यावर ती गावोगाव येऊ लागली. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ४७ ने लोकांचे पोषण व आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरविले. पुढे प्रमाण ठरले. सपाट भागात ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र व ३०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. डोंगराळ व आदिवासी भागात हेच प्रमाण अनुक्रमे ३,००० व २०,०००.

वरवर पाहता डोंगराळ भागाला सवलत मिळाली असे वाटते. आता विद्यार्थ्यांनी एक साधे गणित करून पाहावे. सपाटीवर ५,००० लोक दोन-तीन गावांत राहतात. डोंगरात ३,००० लोक दोनशे-दोनशेच्या १५ पाड्यांत विखुरलेले असतात. आरोग्यसेविका आठवड्यातून चार दिवस फिरतीवर निघाली आणि दररोज एक पाडा तिने केला, तर पहिल्या पाड्यावर परत यायला तिला जवळजवळ चार आठवडे लागतील. ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी जन्मलेले बाळ ती परत येईल तेव्हा पंचवीस दिवसांचे झालेले असेल. अर्थात, जगले तर! कारण नवजात बालकाला सर्वांत मोठा धोका पहिल्या आठवड्यात असतो. सेविका प्रामाणिक असली, औषधे भरपूर असली, तरीही हा हिशेब जुळत नाही. दोष माणसाचा नसून रचनेचा आहे.

२. गडचिरोलीने दिलेला धडा

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच विदर्भात सापडले. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झाला. जंगल दाट, वस्त्या विरळ, पावसाळ्यात नद्या-नाले वाट अडवतात. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी येथे १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था स्थापन केली. त्यांनी असा विचार केला की, बाळ दवाखान्यापर्यंत पोहोचत नसेल, तर काळजी बाळाच्या घरात पोहोचली पाहिजे.

त्यांनी ३९ गावांतील थोडेफार शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण दिले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, लवकर अंगावर पाजायला लावणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे ही कामे त्या शिकल्या. ज्यांना मोजता येत नाही अशा दाईंसाठी वाळूचे घड्याळ व मणी यांचे साधे श्वासमापक तयार झाले. या गावांत १९९३ ते १९९५ या काळात दर हजार जन्मांमागे सुमारे ६२ नवजात बालके दगावत होती. १९९७-९८ पर्यंत हे प्रमाण सुमारे २५ वर आले. तुलनेसाठी घेतलेल्या शेजारच्या गावांत मात्र ते ६० च्या आसपासच राहिले. १९९९ मध्ये हे संशोधन 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

त्याआधी १९७० पासून जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी गावातील स्त्रियांनाच आरोग्य कार्यकर्त्या बनविले होते. त्यांत अनेक स्त्रिया दलित समाजातील होत्या. ज्यांच्या हातचे पाणीही गाव घेत नव्हते, त्यांच्या हातून गाव औषध घेऊ लागले. आपल्या समाजाने ही गोष्ट विसरता कामा नये.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून 'आशा' स्वयंसेविका आली आणि २०११ मध्ये घरी जाऊन नवजात बालकाची काळजी घेण्याचे काम तिच्याकडे देण्यात आले. दवाखान्यात बाळंतपण झाल्यास ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी तिने घरी भेट द्यायची असते. घरी बाळंतपण झाल्यास पहिल्या दिवशीचीही भेट असते.

३. आपल्या कारंज्यात काय?

कारंजा तालुका म्हणजे गडचिरोली नव्हे. येथे रस्ते आहेत, शहरात दवाखाने आहेत. पण तांडे, शेतातील वस्त्या आणि कामासाठी बाहेरगावी जाणारी कुटुंबे आपल्याकडेही आहेत. मी बँकेत काम करतो. जो काउंटरवर येतो त्याचीच नोंद आमच्या खातेवहीत होते. जो येत नाही तो आमच्या लेखी नसतोच. आरोग्याच्या नोंदवहीचेही असेच होऊ शकते. वीटभट्टीवर जन्मलेले बाळ कोणत्या गावच्या यादीत लिहायचे?

म्हणून प्रत्येक घराने पुढील गोष्टी पाठ कराव्यात. बाळाने दूध ओढणे सोडले, अंग थंड पडले किंवा तापले, बाळ मलूल झाले, छाती आत ओढली जाऊ लागली, अथवा शांत असताना मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास होऊ लागले, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मोफत मिळते. निर्णयाला उशीर, वाटेत उशीर आणि दवाखान्यात उशीर अशा तीन उशिरांनी जीव जातो. त्यांतला पहिला उशीर तरी सर्वस्वी आपल्या हातात आहे.

४. आपले कर्तव्य

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती-सहाय्याच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. माता व बालक यांची काळजी हा केवळ घरचा प्रश्न नसून सार्वजनिक हिताचा प्रश्न आहे, ही त्यांची भूमिका होती. तेव्हा आपल्या संस्थेच्या सभासदांनी ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीला हजर राहावे आणि यादीत नसलेल्या वस्तीचे नाव तेथे घ्यावे. आशाताईंना मान द्यावा व रात्री-अपरात्री सोबत द्यावी. शिकणाऱ्या मुलींनी परिचारिकेचा अभ्यासक्रम कमी प्रतीचा मानू नये. विद्यार्थ्यांनी सुटीत आपल्या वस्तीतील गरोदर माता व लहान बालकांची यादी करून ती आरोग्यसेविकेकडे द्यावी. एक वही आणि एक पेन, एवढ्यावर हे काम होते.

वस्ती दूर असते ती रस्त्याने. कोणी जाणारे नसले म्हणजे ती खरी दूर होते. त्या भिक्खूपर्यंत तथागत चालत गेले, आपणही शेवटच्या घरापर्यंत चालत जाऊ या.

जय भीम! नमो बुद्धाय!