योवाशाची पेटी आणि गांवचें पाणी

पाठ : २ राजे १२:४-१६

ह्या पाठांत चमत्कार नाहीं, केवळ पैशाचा हिशेब आहे. म्हणून पुष्कळ उपदेशक तो ओलांडून जातात. मंदिर मोडकळीस आलें होतें. दुरुस्तीचा पैसा याजकांकडे येत असे. परंतु योवाश राजाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत भगदाडें तशींच होतीं. पैसा कोठें मुरला हें शास्त्र सांगत नाहीं. मग यहोयादा याजकानें एका पेटीच्या झांकणास छिद्र पाडून ती वेदीजवळ ठेविली. पैसा राजाचा चिटणीस व मुख्य याजक असे दोघे मिळून मोजीत.

असेंच कार्य कंबोडिया देशाची राजधानी नॉम पेन्ह येथें घडलें. १९९३ सालीं श्री. एक सोन चान हे तेथील सरकारी पाणीपुरवठा खात्याचे प्रमुख झाले, तेव्हां सोडलेल्या शंभर घागरींपैकीं बहात्तरांचा पैसा येत नव्हता. कांहीं पाणी फुटक्या नळांतून जाई. कांहीं, खात्याचेच नोकर पैसे घेऊन चोरून जोडून देत. त्यांनीं घरोघरीं मीटर बसविले. एका सेनापतीच्या घरीं त्यांच्या मस्तकास पिस्तूल लावण्यांत आलें. ते माघारे गेले, पण सशस्त्र शिपाई घेऊन परत आले व पाणी बंद केलें! सुमारें १५ वर्षांत बहात्तरांच्या जागीं सहा घागरी उरल्या आणि पाणी दिवसरात्र येऊं लागलें. गरिबांस जोडणीच्या खर्चांत सूट, अतिगरिबांस पूर्ण माफी मिळाली; पूर्वीं त्यांस विक्रेत्यांकडून फार महाग पाणी घ्यावें लागे. २००६ सालीं ह्या गृहस्थांस मॅगसेसे पारितोषिक मिळालें.

“पाणी देवाचें दान, मग पाणीपट्टी कां?” असें मला एका बैठकींत विचारण्यांत आलें. पाऊस देवानें दिला. पंपाचें वीजबिल गांवास भरावें लागतें, असें मीं उत्तर दिलें. घरीं परततांना आठवलें कीं, पाळकघराच्या नळाची पट्टी दोन वर्षें थकली आहे. सेवकाचें घर म्हणून कोणी मागत नव्हतें. सेनापतीस पिस्तूल तरी दाखवावें लागलें. मला तेंही नाहीं. दुसरे दिवशीं ती भरली.

वचन १५ विषयीं एक सूचना. कारागिरांस देण्यासाठीं ज्यांच्या हातीं पैसा सोंपवीत त्यांच्याकडे हिशेब मागत नसत, हें दाखवून कोणी हिशेब टाळूं पाहील. परंतु ती मोकळीक पैसा उघडपणें मोजल्यानंतरची, व विश्वासूपणें वागणाऱ्यांस दिलेली आहे.

प्रचारकांनीं रविवारीं मंडळींस विचारावें : आपल्या गांवच्या पाणीपुरवठा समितीचा जमाखर्च ग्रामसभेंत वाचला जातो काय? आपल्यांपैकीं कोण समितीवर आहेत? आणि कोणाची पट्टी थकली आहे?