साखळीपासून उपग्रहापर्यंत : अचूक मोजणीचा पाठ

इतिहासाच्या तासाला रयतवारी शिकविताना विद्यार्थी हमखास विचारतात, “सर, तेव्हा जमीन मोजत कशी?” अलीकडे या प्रश्नाला दुसरा जोडला गेला आहे. आपल्या कामथडी परिसरात मोजणीला येणारे भूकरमापक आता साखळीऐवजी, वरच्या टोकाला वाटोळे यंत्र बसविलेली काठी घेऊन बांधावर उभे राहतात. या यंत्राला रोव्हर म्हणतात. “ती काठी आकाशाकडून मोजमाप कसे घेते, आणि ते खरे कशावरून?” या प्रश्नाचे उत्तर इतिहासाच्या शिक्षकाला जमेल तसे येथे मांडीत आहे.

मोजणीतील चूक किती महाग पडते, हे पुणे जिल्ह्याने फार पूर्वी अनुभवले आहे. १८२७ नंतर प्रिंगल या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली येथे जमिनींची मोजणी व प्रतवारी झाली. मोजमापांतच ढोबळ चुका राहिल्या आणि त्यांवर बेतलेला सारा रयतेला पेलवेना. अखेर १८३५ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांना इंदापूर तालुक्यापासून नव्याने पाहणी सुरू करावी लागली. ३३ फुटांच्या साखळीने मोजलेला ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एक एकर, हा हिशेब आजही चालतो. साखळी ताणून धरली की सैल, यावर मात्र शेतकऱ्याची हद्द अवलंबून असे.

रोव्हरची साखळी अदृश्य आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. आपल्या देशाच्या नाविक प्रणालीचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी अवकाशात गेला. तिचे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. उपग्रहाचा संकेत प्रकाशाच्या वेगाने येतो. त्याला लागलेल्या वेळेवरून अंतर काढतात. सेकंदाच्या एक अब्जांश भागाची चूक झाली, तर अंतरात ३० सेंटिमीटरचा फरक पडतो. म्हणून सर्व मदार त्या संकेताचा अचूक माग ठेवण्यावर आहे.

हे काम कठीण असते, कारण पृथ्वीवर पोहोचेपर्यंत तो संकेत अवकाशातील व यंत्रातील गोंगाटात पार बुडालेला असतो. तो सापडतो तो ओळखीच्या खुणेमुळे. जीपीएसच्या नागरी संकेतात १,०२३ खुणांचा ठराविक क्रम दर मिलिसेकंदाला पुन्हा येतो. हाच क्रम ग्राहकयंत्र स्वतः तयार करते आणि येणाऱ्या क्रमाशी जुळेपर्यंत मागेपुढे सरकविते. जुळल्यावरही उपग्रह धावतच असतो. त्यामुळे यंत्र आपल्या क्रमाच्या तीन प्रती ठेवते : एक किंचित आधीची, एक किंचित नंतरची आणि एक मधली. आधीची व नंतरची प्रत सारखीच जुळली, तर मधली बरोबर. एक पारडे जड झाले, की यंत्र त्या बाजूला सरकते. अशी दुरुस्ती क्षणोक्षणी चालते. अचूकता ही एकदाच गाठण्याची गोष्ट नसून सतत चूक शोधत राहण्याची रीत आहे, हे येथे दिसते.

ही रीत सुधारण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, दुरुस्तीचा वेग योग्य ठेवणे. ती उतावीळ असेल, तर यंत्र गोंगाटालाही खरे मानते. फार संथ असेल, तर हालचालीच्या मागे पडून संकेत सुटतो. काठी स्थिर असली, की यंत्राला संथपणा परवडतो. दुसरा, परावर्तित संकेताचा त्रास कमी करणे. डोंगरकडा किंवा पत्र्याच्या छपरावर आपटून आलेला संकेत उशिरा पोहोचतो व तराजू कलवितो. भोर-वेल्ह्याच्या अरुंद खोऱ्यांत, जेथे अर्धे आकाश डोंगराने झाकलेले असते, तेथे हा दोष अधिक जाणवतो. आधीच्या व नंतरच्या प्रतींतील अंतर कमी केले, तर हा परिणाम घटतो. १९९० च्या दशकाच्या आरंभी कॅनडातील नोव्हाटेल कंपनीच्या अभियंत्यांनी ही युक्ती प्रत्यक्षात आणली.

तिसरा मार्ग मोजणीसाठी सर्वांत मोलाचा आहे. वरील क्रमातील एक खूण सुमारे २९३ मीटर लांबीची असते; तिचा शंभरावा भाग ओळखला, तरी तीन मीटरची शंका उरते. पण तो क्रम वाहून आणणाऱ्या लहरीची लांबी केवळ १९ सेंटिमीटर आहे. तिचा माग ठेवला, तर मिलिमीटरपर्यंत जाता येते. मधल्या पूर्ण लहरी किती, हे मात्र कळत नाही. त्यासाठी ज्ञात जागी कायम बसविलेल्या केंद्राची मदत घेतात. ते केंद्र आणि रोव्हर एकाच वेळी तेच उपग्रह पाहतात. त्यामुळे दोघांच्या समान चुका वजा होतात, लहरींची संख्या निश्चित होते आणि रोव्हरवर ‘फिक्स’ असे दिसते. मग दोन-तीन सेंटिमीटरची अचूकता मिळते. झाडाआड संकेत तुटला, तर लहरींची मोजदाद चुकते व ती नव्याने करावी लागते.

एवढ्या बारकाव्याची गरज काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ मध्येच भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला होता. तुकडा जितका लहान, तितकी चूक मोठी. १० मीटर रुंद व ५० मीटर लांब, म्हणजे सुमारे पाच गुंठ्यांचा तुकडा घ्या. लांबीच्या बाजूची हद्द तीन मीटर सरकली, तर १५० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा जातो. दोन सेंटिमीटर सरकली, तर एकच चौरस मीटर. ज्यांच्या आजोबांना वतन निर्मूलनाच्या १९५८ च्या कायद्यानंतर जमिनीचा तुकडा नावावर मिळाला, त्यांना हा फरक सांगावा लागत नाही.

तेव्हा मोजणीच्या दिवशी बांधावर स्वतः हजर राहा. काठी सरळ व स्थिर आहे ना, ‘फिक्स’ मिळाला आहे ना, हे आदराने विचारा. झाडाखालचा किंवा भिंतीलगतचा बिंदू थोड्या वेळाने पुन्हा मोजण्याची विनंती करा. नकाशाची ‘क’ प्रत घरी जपून ठेवा. आमच्या मुलामुलींनी त्रिकोणमिती आणि भौतिकशास्त्र मनापासून शिकावे, याचेही हेच कारण आहे. आजवर आपली जमीन दुसऱ्यांनी मोजली. उद्या ती काठी आपल्या शाळेच्या विद्यार्थिनीच्या हातात असावी आणि तिने दाखविलेल्या आकड्यातील चूकही तिला ओळखता यावी.