रिमोटचं विमान हाताबाहेर का जातं?

(इयत्ता आठवी ते दहावी, विज्ञान, कृतीसह)



धानाची कापणी झाली की चिखल्याच्या आजूबाजूच्या बांध्या मोकळ्या होतात. अशाच एका बांधीत आमच्या नववीच्या मुलांनी स्वतः बनवलेलं थर्माकोलचं विमान उडवलं. पहिल्या दोन फेऱ्या छान झाल्या. तिसऱ्या फेरीत विमान जरा लांब गेलं आणि रिमोटचं ऐकेनासं झालं. मोटार मात्र तशीच जोरात फिरत राहिली. धुऱ्यावर बसलेल्या लहान मुलांच्या अगदी पुढ्यातून ते गेलं आणि तणसाच्या ढिगात घुसलं.

कुणाला लागलं नाही. पण माझ्या पोटात गोळा आला होता.

मुलांचं निदान तयारच होतं. "सर, खदानीमुळं सिग्नल तुटला! जमिनीत मॅंगनीज आहे ना." आपल्या गावात मॉइलची भूमिगत खाण आहे, तेव्हा मुलांना असं वाटणं साहजिक आहे. मी "चूक" म्हणालो नाही. म्हटलं, तपासून पाहू. त्या तपासणीचाच हा पाठ.

१) आधी समज पक्की करू

टीव्हीचा रिमोट आणि विमानाचा रिमोट एकच, असं बहुतेक मुलांना वाटतं. तसं नाही. टीव्हीचा रिमोट अवरक्त प्रकाश सोडतो. मध्ये पुठ्ठा धरला की काम थांबतं.

कृती : टीव्हीच्या रिमोटचं बटण दाबून त्याचं टोक मोबाइलच्या समोरच्या कॅमेऱ्यात पाहा. बहुतेक मोबाइलमध्ये लुकलुकणारा ठिपका दिसतो.

विमानाचा रिमोट रेडिओ लहरी वापरतो. त्या पुठ्ठ्यातून पार जातात. १८९५ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात अशाच लहरींनी, तार न जोडता, दूरची घंटा वाजवून दाखवली. १८९८ मध्ये निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कमध्ये रेडिओने चालणारी छोटी बोट दाखवली. आपल्या विमानाचं मूळ तिथे आहे.

२) एका वाटेवर अनेक आवाज

जुन्या संचांमध्ये एक ठरलेली वारंवारता असे, उदाहरणार्थ २७ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातली. मैदानात दोघांकडे तीच वारंवारता असली, की एकाने दांडी हलवली तरी दुसऱ्याचं विमान वळे. म्हणून मैदानावर फळा ठेवत. ज्याच्याकडे त्या वारंवारतेचा चिमटा, त्यानेच रिमोट सुरू करायचा. साधी युक्ती, पण तिने कितीतरी विमानं वाचवली.

आजचे संच २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात. भारतात हा पट्टा २००५ पासून ठरावीक शक्तीच्या मर्यादेत विनापरवाना वापरता येतो. वायफाय आणि ब्लूटूथही इथेच असतात. मग गोंधळ का होत नाही? कारण रिसीव्हर आधी आपल्या ट्रान्समीटरची ओळख लक्षात ठेवतो आणि दुसऱ्याचं ऐकत नाही. शिवाय बरेच संच सेकंदाला अनेकदा वारंवारता बदलतात. एका जागी गर्दी असली तर पुढच्या जागी निरोप पोचतो. या कल्पनेचं एक पेटंट १९४२ मध्ये अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथिल यांना मिळालं होतं.

३) आमची तपासणी

पंखा काढून ठेवला आणि विमान बाकावर ठेवलं.

पहिली चाचणी : मॅंगनीजचा दगड रिसीव्हरजवळ ठेवला. काही फरक नाही. जमिनीखालचा दगड आकाशातल्या सिग्नलला अडवत नाही. दोघांच्या मध्ये टेकडी किंवा भिंत आली, तर मात्र अडवतो.

दुसरी चाचणी : ट्रान्समीटरमध्ये शक्ती कमी करून पल्ला तपासण्याची सोय होती. त्या स्थितीत साधारण ३० पावलांवरूनही विमानाने ऐकायला हवं. आमचं १२ पावलांवरच गप्प झालं!

मग विमान उघडलं. रिसीव्हरच्या अँटेनाची तार बॅटरीखाली दुमडून टेपने चिकटवलेली होती. २.४ गिगाहर्ट्‌झची तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर. तिचा चौथा भाग, म्हणजे सुमारे ३ सेंटिमीटरचं टोक खरं काम करतं. तेच आम्ही दाबून टाकलं होतं. तार सरळ करून बॅटरीपासून दूर बसवली आणि ३५ पावलांवरही विमान ऐकू लागलं.

आणखी दोन चुका सापडल्या. मुलगा रिमोटची अँटेना थेट विमानाकडे रोखत होता. अँटेनाच्या टोकाच्या दिशेने सिग्नल सर्वांत कमी जातो. आणि त्याच्याभोवती मित्रांचा घोळका होता. आपल्या शरीरातलं पाणी या लहरी शोषून घेतं.

४) खरी चूक माझी

सिग्नल तुटला, हे कळलं. पण मोटार का थांबली नाही? कारण 'फेलसेफ' लावलेलं नव्हतं. संपर्क तुटल्यावर काय करायचं, हे रिसीव्हरला आधी शिकवून ठेवता येतं. आमचा रिसीव्हर शेवटचा हुकूम धरून बसला, आणि शेवटचा हुकूम होता "जोरात". ती तपासणी माझं काम होतं. मी केली नव्हती.

हे मुलांना मी खाणीच्याच उदाहरणाने समजावलं. शाफ्टमधला पाळणा वर-खाली नेणाऱ्या यंत्राचा ब्रेक विजेने सुटलेला राहतो. वीज गेली की तो आपोआप लागतो. वीज कधीच जाणार नाही, अशा भरवशावर कुणी माणसं खाली सोडत नाही. एका मुलाचे वडील खाणीत आहेत. तो म्हणाला, "म्हणजे सर, बिघडल्यावर काय होईल ते आधीच ठरवायचं." माझा अख्खा पाठ त्याने एका वाक्यात सांगितला.

५) उडवण्याआधी

• ट्रान्समीटर आधी सुरू, सर्वांत शेवटी बंद.
• दोन्ही बॅटऱ्या भरलेल्या, जोडण्या घट्ट. व्होल्टेज पडलं की रिसीव्हर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि आपण उगाच 'सिग्नल गेला' म्हणतो.
• पल्ल्याची चाचणी दरवेळी.
• पंखा काढून मोटार सुरू करा, मग ट्रान्समीटर बंद करा. मोटार थांबलीच पाहिजे.
• प्रेक्षक उडवणाऱ्याच्या मागे, थोड्या अंतरावर. विमान त्यांच्या डोक्यावरून नाही.
• विमान नजरेच्या टप्प्यातच. 'ड्रोन नियम २०२१' मध्येही मॉडेल विमानासाठी हीच अट आहे.

पालकांना एक विनंती. वाढदिवसाला मुलाला ड्रोन घेऊन दिलात, तर पहिल्या दिवशी उडवू नका. चौथी चाचणी दोघांनी मिळून करा.

आमचं विमान दुरुस्त होऊन पुन्हा उडालं. या वेळी मुद्दाम, मोकळ्या बांधीत कमी उंचीवर आणि सर्वांना मागे उभं करून, आम्ही ट्रान्समीटर बंद केला. मोटार थांबली. विमान घसरत घसरत धसकटांवर उतरलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या त्या त्या उतरण्याला.

वर्गासाठी प्रश्न : तुमच्या घरात अशी कोणती वस्तू आहे, जी बिघडल्यावर आपोआप सुरक्षित होते? आणि कोणती होत नाही?