पायथनचा क्लास लावण्याआधी

बारावीचा निकाल लागला, सीईटीचे पर्सेंटाइल हाती आले आणि कॅपच्या फेऱ्या तोंडावर आल्या, की करिअर समुपदेशकांकडे दरवर्षी तेच प्रश्न येतात. ‘एआय अँड डेटा सायन्स’ मिळत नाही, साधं ‘आयटी’ मिळतंय; वर्षभर थांबावं का? जवळच्या क्लासमध्ये पायथन, मशीन लर्निंग आणि नोकरीची हमी असा सहा महिन्यांचा कोर्स आहे. पैसे भरू का? मुलगा दिवसभर मोबाइलवर असतो, म्हणजे त्याला कॉम्प्युटरची आवड आहे ना?

तिन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ हेच आहे.

शाखेच्या नावात ‘एआय’ असलं काय आणि नसलं काय, पहिली दोन वर्षं बहुतेक तेच शिकावं लागतं: प्रोग्रामिंग, डेटा स्ट्रक्चर्स, डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, डेटाबेस. एका शब्दासाठी अठरा वर्षांच्या मुलाचं वर्ष घालवणं हा शुद्ध अविचार आहे. बाकीच्या वाटा सर्वांना ठाऊक आहेत. दहावीनंतर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, बीसीए किंवा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स करता येतं, पुढे एमसीए आहे. यांपैकी कोणतीही वाट वाईट नाही. त्यामुळे त्यांवर आणखी शाई खर्च करण्याचं कारण नाही.

खरी उणीव दुसरीकडेच आहे. क्लासमध्ये प्रोग्राम लिहायला शिकवतात, लिहिलेला प्रोग्राम तपासायला सहसा शिकवत नाहीत. स्क्रीनवर उत्तर आलं की धडा संपला.

समजा, एका विद्यार्थिनीनं शाळेच्या फीचा हिशेब करणारा प्रोग्राम लिहिला. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत व्हेरिएबलला देवनागरी नाव चालतं, म्हणून तिनं बेरजेला ‘एकूण’ म्हटलं. खाली, विलंब शुल्क मिळवण्याच्या ओळीत मात्र उकार ऱ्हस्व पडला आणि ‘एकुण’ झालं. पायथन हा प्रोग्राम बिनतक्रार सुरू करतो. ती ओळ चालवायची वेळ येईपर्यंत असं नाव खरोखर आहे की नाही, हे तो पाहतच नाही. सगळ्यांनी फी वेळेवर भरली तर कित्येक महिने काही बिघडणार नाही. उशिरा भरणारा पहिला पालक खिडकीशी आला, की ‘नेमएरर’ येऊन प्रोग्राम बंद पडेल.

स्टॅटिक चेकर, म्हणजेच लिंटर, ही चूक प्रोग्राम न चालवताच दाखवतो. तो मजकूर वाचतो, कोणतं नाव कुठे तयार झालं आणि कुठे वापरलं याची नोंद ठेवतो आणि ओळीचा क्रमांक देऊन सांगतो की हे नाव कुठेच तयार झालेलं नाही. कधीच न वापरलेलं मॉड्यूल, ‘रिटर्न’नंतर लिहिल्यामुळे कधीही न चालणारी ओळ, फंक्शनला मूळ किंमत म्हणून दिलेली रिकामी लिस्ट, हे सगळं त्याच्या नजरेत येतं. यातली रिकामी लिस्ट नवशिक्यांना फार छळते. पायथन ती लिस्ट फंक्शन तयार होताना एकदाच बनवतो आणि पुढच्या प्रत्येक कॉलला तीच वापरतो. त्यामुळे आजच्या हजेरीत कालची नावं उमटतात आणि मुलं तासन्‌तास डोकं धरून बसतात.

ही कल्पना जुनी आहे. सी भाषेसाठी ‘लिंट’ हा चेकर बेल लॅब्जच्या स्टीफन जॉन्सन यांनी १९७८च्या सुमारास लिहिला. पायथनसाठी ‘पायलिंट’ २००३मध्ये फ्रान्सच्या लॉजिलॅब कंपनीतून आला. पुढे ‘पायफ्लेक्स’ आणि ‘फ्लेक८’ आले. २०२२मध्ये आलेला, रस्ट भाषेत लिहिलेला ‘रफ’ तर इतका वेगवान आहे की मोठे प्रकल्पही क्षणात तपासून होतात. ही सगळी साधनं फुकट आहेत आणि जुन्या लॅपटॉपवर चालतात.

याला किरकोळ नीटनेटकेपणा समजणाऱ्यांनी २०१४ची ॲपलची घटना वाचावी. सुरक्षित जोडणी तपासणाऱ्या सी भाषेतल्या कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही एक ओळ चुकून दोनदा पडली. दुसरी ओळ कोणत्याही अटीविना चालत होती, त्यामुळे तिच्याखालची सहीची पडताळणी कधी होतच नव्हती. समोरचा सर्व्हर खरा की बनावट, हे आयफोनला कळत नव्हतं. ‘इथपर्यंत प्रोग्राम कधीच पोचत नाही’ अशी सूचना देणं हे स्टॅटिक चेकरचं अगदी प्राथमिक काम आहे.

आता पालकांविषयी, आणि हे जरा कडक शब्दांत सांगायला हवं. पायलिंट प्रोग्रामला दहापैकी गुण देतो. त्याच्या सूत्रात ‘एरर’ गटात मोडणाऱ्या चुकीचं वजन इतर तक्रारींच्या पाचपट धरलं जातं आणि एकूण स्टेटमेंट्सच्या प्रमाणात गुण कापले जातात. घरात हा आकडा कळला, की त्याचीही टक्केवारी होते. ‘सात का? शेजारच्याला नऊ कसे?’ मग मुलगा सोपी पळवाट काढतो. ‘ही तक्रार दाखवू नकोस’ असं सांगणारी ओळ कोडमध्ये घालायची सोय पायलिंटमध्येच आहे. ती खऱ्या अपवादांसाठी आहे. मुलं ती दहापैकी दहा मिळवण्यासाठी वापरतात. चूक तिथेच राहते, फक्त दिसेनाशी होते.

शिवाय दहापैकी दहा मिळालेला प्रोग्राम बरोबर असतोच असंही नाही. व्याज काढताना बाराऐवजी दहा महिने धरले, तर चेकरला त्याचा पत्ता लागत नाही. व्याज कसं काढायचं हे त्याला माहीतच नसतं. ते मुलालाच समजावं लागतं. जे पालक आकडा पाहतात आणि ‘हा प्रोग्राम काय करतो ते मला समजावून सांग’ असं कधीच म्हणत नाहीत, ते मुलाला शिकण्यापासून दूर ढकलत असतात. शेवटच्या वर्षाचा तयार प्रोजेक्ट विकत घेऊन देणारे पालक तर उघड नुकसान करतात. मुलाखतीत कोणत्याही एका ओळीवर बोट ठेवून ‘ही इथे का?’ असं विचारलं, की ते नुकसान समोर येतं.

‘पण आता कोड एआयच लिहितो ना?’ हा हल्लीचा नवा प्रश्न. हो, लिहितो, आणि म्हणूनच तपासणाऱ्याची गरज वाढते. चॅटबॉट कधी कधी अस्तित्वातच नसलेलं मॉड्यूल आत्मविश्वासानं आयात करून देतो. पायलिंट ‘हे सापडत नाही’ म्हणतो. त्यानंतर काय करायचं हे ठरवायला मात्र वाचता येणारा माणूस लागतो. सापडलं नाही म्हणून त्या नावाचं काहीही इन्स्टॉल करणं धोक्याचं आहे, हेही त्याला ठाऊक हवं.

या सवयीतून करिअर होतं का, हे विचारणाऱ्यांसाठी ‘मायपाय’ची गोष्ट आहे. केंब्रिजमध्ये पीएच.डी. करताना युक्का लेहतोसालो यांनी पायथनमधल्या डेटाचे प्रकार तपासण्याचा प्रश्न हाती घेतला. त्यातून मायपाय हे साधन उभं राहिलं. पुढे त्याचं काम ड्रॉपबॉक्समध्ये चाललं, आणि २०१९पर्यंत त्या कंपनीचं सुमारे ४० लाख ओळींचं पायथन कोड त्यानं तपासलं जात होतं.

आणि इतक्या दूरही जायला नको. पुण्यात टीसीएसनं १९८१मध्ये स्थापन केलेल्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रात प्रोग्राम-विश्लेषणावर अनेक वर्षं काम झालं आहे. टीसीएसच्या संशोधकांचा सी प्रोग्राम पडताळणारा ‘व्हेरिॲब्ज’ २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी ‘एसव्ही-कॉम्प’ या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ‘रीचसेफ्टी’ गटात पहिला आला. आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांनी अशा विश्लेषणाचा पाया असलेलं डेटा फ्लो ॲनालिसिस शिकवलं आणि सहलेखकांसोबत त्यावरचं पाठ्यपुस्तक लिहिलं. पुण्याच्या परिसरात मोटारींचं सॉफ्टवेअर बनतं, आणि त्या क्षेत्रातल्या ‘मिस्रा’ या कोड लिहिण्याच्या नियमांची तपासणी प्रामुख्यानं स्टॅटिक चेकरनंच होते. इतकं सगळं दाराशी असताना मुलांना या क्षेत्राचं नावही कुणी सांगत नाही, ही खरोखर खेदाची गोष्ट आहे.

इथे पोचायला ग्राफ, संच आणि तर्कशास्त्र लागतं, म्हणजे नेमकं तेच डिस्क्रीट मॅथ्स, जे मुलं पास होण्यापुरतं करतात. कोणताही चेकर प्रत्येक प्रोग्राममधली प्रत्येक चूक अचूक सांगू शकत नाही, हे गणितानं सिद्ध झालेलं आहे. म्हणून कधी तो खोटी तक्रार करतो, तर कधी खरी चूक सोडून देतो. कोणती चूक सोडायची आणि कोणती खोटी तक्रार सोसायची, हा निवाडा चेकर लिहिणाऱ्याला करावा लागतो. ज्याला गणित आवडतं पण नुसती गणिताची पदवी घ्यायला घरून विरोध आहे, अशा मुलामुलींसाठी ही फार चांगली जागा आहे.

सुरुवातीला खर्च नाहीच. पायथनचे प्राथमिक धडे आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’वर मोफत मिळतात. ते झाले की स्वतःच्या जुन्या प्रोग्रामवर पायलिंट चालवावा आणि प्रत्येक तक्रार का आली हे वहीत एका वाक्यात लिहावं. पटत नसलेली तक्रारही लिहावी, कारण पटत नाही हे सांगायला कारण द्यावं लागतं. दुसऱ्या वर्षापर्यंत प्रोग्रामची रचना उलगडून दाखवणाऱ्या पायथनच्या ‘एएसटी’ मॉड्यूलच्या मदतीनं स्वतःचा छोटा नियम लिहिता येतो. वर सांगितलेल्या पायथनच्या सगळ्या चेकरचं कोड खुलं आहे. खोटी तक्रार सापडली तर ती नीट नमुन्यासह कळवणं हेही काम समजलं जातं आणि बायोडेटात ते दाखवता येतं.

तरीही क्लास लावायचाच असेल, तर पैसे भरण्यापूर्वी तिथल्या शिक्षकाला मागच्या बॅचच्या एखाद्या मुलाचा प्रोग्राम दाखवायला सांगावा. त्यावर समोरच लिंटर चालवून, आलेल्या पहिल्या पाच तक्रारींचा अर्थ विचारावा. उत्तर आलं नाही, तर चेकबुक परत पिशवीत ठेवावं.