वाढीचा तक्ता, जेवणाची वाटी आणि खेळ
पालकांसाठी पाठ : जन्म ते 3 वर्षे

आपल्या माता व बाल संरक्षण कार्डात मुलींसाठी गुलाबी आणि मुलांसाठी निळा असा वाढीचा तक्ता असतो. बाळाचे वजन झाले की अंगणवाडी सेविका त्यावर एक ठिपका देते. तक्त्यावरील रेषा कशाच्या आधारे आखल्या आहेत आणि बाळाच्या विकासासाठी वजनापलीकडे आणखी कशाची गरज असते, हे या पाठात सांगितले आहे.

1. या रेषा कोणी आखल्या?

जागतिक आरोग्य संघटनेने 1997 ते 2003 या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील संशोधकांच्या सहकार्याने सुमारे 8,500 बालकांची मोजमापे घेतली. भारतातील बालके दक्षिण दिल्लीतील होती. ज्या घरांत बाळाला स्तनपान मिळत होते, आई धूम्रपान करीत नव्हती आणि वाढीला अडथळा आणणारी परिस्थिती नव्हती, अशीच कुटुंबे या अभ्यासासाठी निवडण्यात आली.

या देशांतील लोकांचा आहार, हवामान आणि शरीरयष्टी भिन्न असूनही बालकांची उंची जवळजवळ सारख्याच गतीने वाढल्याचे आढळले. उंचीतील एकूण फरकापैकी केवळ 3 टक्के फरक ठिकाणांमुळे होता. सुमारे 70 टक्के फरक एकाच ठिकाणच्या बालकाबालकांत होता. यावर आधारलेली मानके 2006 मध्ये प्रसिद्ध झाली आणि भारतानेही ती स्वीकारली.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, शेजारच्या बाळाशी तुलना करू नये. निरोगी बालकांतही फरक असतोच. म्हणून एका ठिपक्यापेक्षा ठिपके जोडणारी रेषा कोणत्या दिशेने जात आहे, हे पाहावे. दुसरी, रेषा आडवी झाली किंवा खाली वळली तर ‘आमच्या घराण्यात सगळेच बारीक’ असे म्हणून स्वस्थ बसू नये. ती सूचना आहे, आणि तिची दखल वेळेवर घेतली तर कारण शोधून उपाय करता येतो.

2. पोट भरले, एवढे पुरेसे आहे का?

जमैका देशातील किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांत 1986–87 मध्ये तेथील आणि ब्रिटनमधील संशोधकांनी एक अभ्यास सुरू केला. वयाच्या मानाने उंची कमी असलेली, 9 ते 24 महिन्यांची 129 बालके त्यात होती. त्यांचे चार गट करण्यात आले. एका गटाला दर आठवड्यास दुधापासून तयार केलेला 1 किलो पूरक आहार मिळाला. दुसऱ्या गटाच्या घरी आरोग्य सेविका आठवड्यातून एक तास जाऊन बाळाशी कसे बोलावे व खेळावे, हे आईला दाखवीत असे. तिसऱ्या गटाला दोन्ही मिळाले, चौथ्याला यांपैकी काहीच नाही. खेळणी घरातील टाकाऊ वस्तूंचीच होती.

दोन वर्षांनंतर आहार आणि खेळ या दोहोंचाही लाभ दिसला. ज्यांना दोन्ही मिळाले त्यांची प्रगती सर्वाधिक होती. मात्र बौद्धिक विकासावरील आहाराचा परिणाम पुढे टिकला नाही, खेळाचा टिकला. सुमारे वीस वर्षांनी पाहणी केली असता, लहानपणी खेळ व संवाद लाभलेल्या तरुणांची कमाई इतरांपेक्षा सरासरी 25 टक्के अधिक होती. याच पद्धतीवर आधारलेल्या गृहभेटी पुढे आपल्या देशात ओडिशातील कटक येथील वस्त्यांत करण्यात आल्या, तेव्हा तेथील बालकांच्या आकलनशक्तीतही सुधारणा आढळली.

याचा अर्थ आहार कमी महत्त्वाचा आहे, असा मुळीच नव्हे. शरीर आणि मेंदू अन्नावरच घडतात. पण त्या मेंदूला शिकण्यासाठी बोलणारे, हसणारे, प्रतिसाद देणारे माणूसही लागते.

3. घरी काय करावे?

पहिले 6 महिने : केवळ आईचे दूध द्यावे, पाणी, मध किंवा घुटी देऊ नये. दूध पाजताना बाळाच्या डोळ्यांत पाहून बोलावे. त्याने हुंकार दिला की आपणही द्यावा.

6 ते 12 महिने : स्तनपानासोबत घट्टसर वरण-भात, खिचडी, कुसकरलेली भाजी, फळे आणि घरात चालत असल्यास अंडे द्यावे. 6 ते 8 महिन्यांत दिवसातून 2 ते 3 वेळा, त्यानंतर 3 ते 4 वेळा भरवावे. वाटी-चमचा वाजवू द्यावा. पदराआड लपून ‘बुवा कुक’ खेळावे.

1 ते 2 वर्षे : स्तनपान चालू ठेवावे आणि घरचे सर्व अन्न द्यावे. डब्यात वस्तू टाकणे व काढणे, डोळे-नाक-कान दाखवणे, स्वयंपाक करताना भाज्यांची नावे सांगणे, हेच शिक्षण होय.

2 ते 3 वर्षे : रंगांनुसार वस्तू वेगळ्या करणे, चित्रे पाहून गोष्ट सांगणे, गाणी म्हणणे.

खेळणे नाका-घशात अडकेल इतके लहान नसावे. दोन वर्षांखालील बाळाच्या हाती मोबाईल देऊ नये, भरवतानाही नाही. हे काम एकट्या आईचे नाही. वडील, आजी-आजोबा आणि मोठी भावंडे यांनीही त्यात वाटा उचलावा.

4. आरोग्य केंद्रात केव्हा जावे?

वर सांगितलेल्या मानकांनुसार निरोगी बालके आधाराविना बसू लागतात ती साधारण 4 ते 9 महिन्यांत, आणि स्वतः चालू लागतात ती 8 ते 18 महिन्यांत. म्हणून दहाव्या महिन्यात चालत नाही याची चिंता नको. परंतु पुढील बाबी आढळल्यास थांबू नये :

• वजनाची रेषा आडवी किंवा खाली गेली असेल
• 9 महिने पूर्ण होऊनही बाळ आधाराविना बसत नसेल
• 18 महिने पूर्ण होऊनही चालत नसेल
• आवाजाकडे वळत नसेल, किंवा नजरेला नजर देत नसेल
• येत असलेली एखादी गोष्ट करणे बाळाने सोडून दिले असेल

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी व पुढील उपचार मोफत केले जातात. आशा कार्यकर्ती घरी आली की तिला कार्ड दाखवावे, मनातील शंका विचाराव्यात आणि शेवटचा ठिपका कोठे आहे, हे तिच्याकडून समजून घ्यावे.