गाडी तीच राहील!

पुण्याच्या एका नवरा-बायकोला लडाखच्या सहलीसाठी एजंटाने दिलेल्या कागदावर ठळक अक्षरांत छापलं होतं: ‘मनाली ते मनाली, गाडी तीच.’ गाटा लूप्सची २१ वळणं, मोरे मैदान, खारदुंग ला ओलांडून नुब्राची वाळू, मग पँगाँग. सगळं एकाच गाडीतून.

लेहच्या हॉटेलपुढे ड्रायव्हरने बॅगा उतरवल्या आणि टपावरची दोरी गुंडाळता गुंडाळता म्हणाला, “साहब, इसके आगे यूनियन की गाड़ी.” लेहपुढे पर्यटक फिरवायचे ते स्थानिक टॅक्सीवाल्यांनीच; बाहेरची भाड्याची गाडी दिसली की अडवतात. बायकोने फोन काढला तर मुका. बाहेरची प्रीपेड सिमं लडाखमध्ये चालत नाहीत, हेही कोणी सांगितलं नव्हतं. नवऱ्याच्या पोस्टपेडवरून एकदाचा एजंट लागला. “मॅडम, तिकडे असंच असतं. जरा ॲडजस्ट करा ना.”

असंच असतं! म्हणजे पैसे घेतानाच ठाऊक होतं. ती अजून हे वाक्य त्याच्याच लाडिक सुरात म्हणून दाखवते.

लेहच्या वाटेवरची सरचूची रात्रही एजंटाचीच कृपा. २०२० साली अटल बोगदा झाल्यापासून मनालीहून सकाळी निघून संध्याकाळी सरचूच्या तंबूत शिरता येतं. म्हणजे २,००० मीटरवरून एका दिवसात ४,२०० च्या वर. डोकं ठणकतं, अन्न ठरत नाही, झोपेचं नाव नाही. त्यापेक्षा वाटेत सुमारे ३,२०० मीटरवरच्या जिस्पाला मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी लवकर निघा. लेहला पहिले दोन दिवस गावातच काढा. खारदुंग लावर फोटो काढून पंधरा मिनिटांत खाली उतरा. फलकावर १८,३८० फूट लिहिलंय, खरी उंची १७,६०० च्या आसपास आहे, पण धाप तेवढीच लागते. गरम कपडे, पाणी, औषधं हे काय सांगायचं!

लेहनंतर गाडी कोणाची आणि तिचं भाडं कोण देणार, हे एजंटाकडून लिहून घ्या. टॅक्सी यूनियनचे दर छापील असतात, ते आधीच बघा. तोंडी ‘होऊन जाईल’वर आगाऊ रक्कम देऊ नका.

एजंटाने शेवटी अंदमानच्या सहलीवर सवलत देऊ केली. या दोघांनी ती नाकारली. दुसऱ्या टॅक्सीच्या पावत्या आणि तो ठळक अक्षरांचा कागद जोडून त्यांची ग्राहक आयोगाकडची तक्रार तयार होते आहे. मुदत दोन वर्षांची असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, हे एजंटाला बहुधा ठाऊक नसावं.